चरख्याचे भाऊबंद

वर्ध्यात वाढलेल्या पोराला चरखा काय असतो, हे सांगावं लागत नाही. आमच्या शाळेत सूतकताईचा तास असे. धाकट्यांच्या हाती तकली, पेटीचरख्यावर हक्क वरच्या वर्गाचा. उजव्या हातानं चाक फिरवायचं, डाव्या चिमटीतला पेळू हळूहळू मागे न्यायचा. तार हातभर लांबली की चाक किंचित उलटं फिरवून चातीच्या टोकावरचे वेढे सोडवायचे, मगच सूत चातीवर गुंडाळायचं. पीळ कमी पडला तर तार तुटते, जास्त झाला तर आढ्या पडतात. 640 तारांची एक गुंडी.

1938 साली गांधीजींच्या हस्ते उघडलेल्या मगन संग्रहालयात चरखे बघत फिरलो, तेव्हाही 'चरखा' हा शब्द मला कापसाच्या बोंडाइतकाच इथला वाटे. कोश चाळायची खोड लागल्यावर कळलं, तो फारसी आहे. 'चर्ख' म्हणजे चाक. फारसी कवींच्या लेखी फिरणारं आकाशसुद्धा. जुन्या इराणीत तो 'चख्र' होता, पुढे 'ख' आणि 'र' यांनी जागा बदलल्या. आपलं 'चक्र' त्याचा सख्खा भाऊ. चक्राचंच 'चाक' झालं. 'मले चकरा येऊन रायल्या' म्हणत आजी ओसरीवर टेकायची, त्या चकराही याच घरातल्या. ग्रीकांचा 'कुक्लोस' जरा लांबचा चुलत. त्याच्यावरून सायकल आली. म्हणजे कॅरिअरला पेटीचरखा बांधून सेवाग्रामच्या रस्त्यानं निघालेले आमचे आजोबा एका भावाच्या पाठीवर दुसऱ्याला लादून नेत होते! परदेशी मालाच्या होळ्या केलेल्या पिढीनं परदेशी शब्दावर मात्र इतका जीव लावला, याचं मला भारी कौतुक वाटतं.

आजोबांचं दुखणं वेगळंच होतं. 1931च्या तिरंग्यावर चरखा होता. 22 जुलै 1947ला संविधान सभेनं राष्ट्रध्वज स्वीकारला, त्यावर अशोकचक्र आलं. चरखा एका बाजूनं सुलट तर दुसऱ्या बाजूनं उलट दिसे, चक्र दोन्हीकडून सारखंच. कारण पटण्यासारखं होतं, पण आजोबांना ते कधी पटलं नाही. मी कोश उघडून त्यांना नातं समजावलं, 'आबाजी, चरखा गेलाच नाही, त्याचाच भाऊ आला.' त्यांनी चष्मा वर सरकवून त्या ओळी वाचल्या.

"असन बाबू," ते म्हणाले, "पण त्याच्यावर सूत निघते का?"