खुन्यांची ज्येष्ठता यादी

ज्येष्ठता यादी हा बँकेतल्या माणसाचा धर्मग्रंथ. घरात गीता असते, पण ती निवृत्तीनंतर वाचायची म्हणून ठेवलेली असते. ज्येष्ठता यादी मात्र आम्हाला तोंडपाठ. आपल्या वर कोण, खाली कोण, वरच्यांपैकी यंदा कोण रिटायर होतंय, कोणाची बायको बदली घेऊ देत नाही, सगळं विचारा. बावीस वर्षं ही यादी वाचून माझी नजर अशी झाली आहे, की लग्नाला गेलो तरी पंगतीत वाढणाऱ्यांपैकी कोणाचं प्रमोशन रखडलंय हे मला चेहऱ्यावरून कळतं. तात्पर्य, मी जे आता सांगणार आहे ते बँकेतल्या माणसालाच सुचू शकतं. मला खुन्यांच्या ज्येष्ठतेबद्दल बोलायचं आहे.

खुनी म्हणजे सिनेमातले. अमेरिकेत 'स्लॅशर' नावाची एक सिनेमाची जात आहे. एक आडजागा, तिथे आठ-दहा तरणीताठी पोरं, एक धारदार वस्तू आणि ती चालवणारा एक इसम. पोरं एकेक करून कमी होत जातात, शेवटी एक मुलगी उरते, ती त्या इसमाला मारते आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या भागात तो परत कामावर हजर होतो. आमच्या लहानपणी याच्या कॅसेट भाड्याने मिळायच्या. व्हीसीआर शेजाऱ्यांचा आणि भीती आमची, अशी भागीदारी होती. कॉमर्सला भागीदारीचे हिशेब शिकलो ते नंतर.

तर माझा भाचा. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, होस्टेलवर राहतो आणि रविवारी माणसांचं जेवायला आमच्याकडे येतो. परवा आला तो छातीवर बर्फावरच्या हॉकीतल्या गोलकीपरचा पांढरा मुखवटा छापलेला टी-शर्ट घालून.

"मामा, हा जेसन. 'फ्रायडे द थर्टीन्थ'. तुला नाही कळायचं."

"पहिल्या भागात खून कोणी केले रे?" मी विचारलं.

"जेसनने. दुसरं कोण करणार?"

नेमक्या याच उत्तरापायी एक मुलगी जिवाला मुकली आहे. १९९६ सालच्या 'स्क्रीम'च्या सुरुवातीला खुनी फोनवरून तिची तोंडी परीक्षा घेतो. तिचा मित्र बाहेर खुर्चीला बांधलेला. प्रश्न हाच, आणि तीही तितक्याच आत्मविश्वासाने "जेसन!" म्हणून ओरडते. उत्तर चूक. मित्र संपला, पाठोपाठ तीही संपली. एका मार्काने नापास झालेली मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत, पण त्यांना निदान ऑक्टोबरला बसता येत असे.

(ज्यांना हे सिनेमे अजून बघायचे आहेत त्यांनी इथून पुढे डोळे मिटून घ्यावेत. नाहीतरी सिनेमा बघताना तेच करावं लागणार आहे.)

१९८०च्या त्या पहिल्या भागात सगळे खून केले आहेत जेसनच्या आईने. मिसेस व्हूरहीस. क्रिस्टल लेक नावाच्या तळ्याकाठी मुलांचं उन्हाळी शिबिर भरायचं, तिथे ही बाई स्वयंपाकीण होती. १९५७ साली तिचा मुलगा जेसन त्या तळ्यात बुडाला. ज्यांनी त्याच्यावर लक्ष ठेवायचं, ती तरुण मंडळी त्या वेळी एकमेकांवर लक्ष ठेवण्यात गुंतली होती. पुढच्या वर्षी बाईने तिथले दोघे संपवले. मग जेव्हा जेव्हा शिबिर उघडायची भाषा झाली तेव्हा कधी आगी लागल्या, कधी पाणी खराब झालं. शेवटी वीस-बावीस वर्षांनी खरंच उघडायला निघाले, तेव्हा तिने जवळजवळ अख्खा स्टाफ कमी केला. एका रात्रीत, भर पावसात, हाताखाली शिपाईसुद्धा नसताना! एक प्रेत तर तिने खिडकीच्या काचेतून आत भिरकावलं आहे. आमच्याकडे नाण्यांची एक थैली उचलायची तर दोघे जण आधी युनियनच्या सेक्रेटरीकडे बघतात.

आणि मुखवटा? मुळीच नाही. चांगलं हसतमुख तोंड आणि अंगात जाड विणीचा स्वेटर. शेवटी उरलेली मुलगी तिला बघून "सुटले बाई" म्हणते, इतकी ती घरगुती दिसते. बेट्सी पामर नावाच्या नटीने हे काम केलं होतं. अमेरिकेतल्या घरोघरी ती टीव्हीवरच्या खेळांमधली गोड बाई म्हणून ठाऊक होती. हा असला सिनेमा का घेतलास, असं लोकांनी विचारलं, तर ती सरळ सांगायची, की नवी मोटार घ्यायची होती, पैसे हवे होते. आमच्या बँकेकडे वाहन कर्जाला आली असती, तर कागदपत्रांची पूर्तता होईपर्यंत तिने आणखी चार सिनेमे केले असते.

तर शेवटी त्या मुलीने बाईचं मुंडकं उडवलं. सेवेत असताना निधन. मग १९८१ साली दुसऱ्या भागात तिच्या जागी मुलाला घेतलं. आमच्याकडे याला अनुकंपा तत्त्वावर नेमणूक म्हणतात. तो मुळात बुडाला होता की नव्हता याची चौकशी झाली नाही. अशा नेमणुकीत कागदपत्रं फार बारकाईने बघायची नसतात. पहिल्या वर्षी साहेब डोक्याला पोतं गुंडाळून कामावर यायचे. तो प्रसिद्ध मुखवटा आला १९८२मध्ये, तिसऱ्या भागात, आणि तोही दुसऱ्याचा. शेली नावाच्या एका जाड्या, थट्टेखोर पोराचा. जागा आईची, मुखवटा शेलीचा आणि टी-शर्टवर जेसन!

"मग त्यात नवीन काय आहे?" स्वयंपाकघरातून आवाज आला. "सगळं आईने करायचं आणि नाव मुलाचं. आमच्याकडे वेगळं आहे का?"

भाचा एवढा गप्प झाला, की त्याने ताट स्वतः उचलून ठेवलं.

पण माझा जीव खरा तुटतो तो रॉय बर्न्ससाठी. हे नाव तुम्ही ऐकलं नसेल. १९८५च्या पाचव्या भागात जेसन मेलेला होता आणि खून तर व्हायला हवेत, अशी अडचण आली. तेव्हा रॉय नावाच्या रुग्णवाहिकेवरच्या माणसाने मुखवटा चढवून अख्खा सिनेमा निभावून नेला. त्याचं कारणही पोटच्या पोराचंच. मुलगा मारला गेला होता, तोही अशा संस्थेत, जिथे त्याला सांभाळायला ठेवलं होतं. बँकेत साहेब रजेवर गेले, की क्लार्कला त्यांच्या खुर्चीत बसवतात, त्याला ऑफिशिएटिंग म्हणतात. काम साहेबाचं, शिव्या साहेबाच्या, आणि साहेब परत आले की आपण पुन्हा काउंटरवर. रॉयचं तंतोतंत तेच झालं. जेसनच्या मुखवट्यावर लाल खुणा असतात, रॉयच्या मुखवट्यावर निळ्या. हा फरक मुद्दाम ठेवला असावा. ऑफिशिएटिंगवाल्याची खुर्चीसुद्धा तीच असते, पण उशी मिळत नाही. प्रेक्षक चिडले, "आमचा जेसन आणा" म्हणाले, आणि १९८६ साली वीज पाडून जेसनला थडग्यातून उठवला. रॉयचं पुढे कोणी नावही काढलं नाही.

आता खरी ज्येष्ठताच बघायची, तर या सगळ्यांच्या वर बसायला हवा बिली. १९७४ साली कॅनडात बॉब क्लार्कने 'ब्लॅक ख्रिसमस' काढला, तेव्हा मायकेल मायर्स कामाला लागायला चार वर्षं अवकाश होता आणि जेसनच्या आईला सहा. घरातूनच घरात फोन करून मुलींना घाबरवायचं ही युक्ती त्याने पडद्यावर कधीच वापरून ठेवली होती. मायकेल मायर्सचा मुखवटा म्हणजे 'स्टार ट्रेक'च्या कॅप्टन कर्कचा दोन डॉलरच्या आतला मुखवटा, पांढरा रंग फासलेला. पण बिलीकडे तेवढाही नाही. त्याचा दिसतो तो एक डोळा आणि ऐकू येतात ते फोनवरचे चित्रविचित्र आवाज. तो कोण, कुठला, सिनेमा संपला तरी कळत नाही. ज्याचा फोटो नाही त्याची केवायसी होत नाही आणि ज्याची केवायसी नाही त्याला या जगात कोणी विचारत नाही.

बिली मला आवडतो त्याला आणखी एक कारण आहे. तो माळ्यावर राहतो. पहिल्या मुलीचं प्रेत माळ्यावरच्या खिडकीशी झुलत्या खुर्चीत बसवलेलं आहे, तोंडावर प्लॅस्टिक. पोलिस येतात, चौकशा करतात, बागेत शोध घेतात, त्या मुलीचा बाप हातात टोपी धरून वणवण हिंडतो, पण माळ्यावर कोणी चढून बघत नाही. आमच्या शाखेत ऑडिटला येणारे साहेब थेट याच पोलिसांच्या खात्यातून आले असावेत असा मला दाट संशय आहे.

आपल्याकडच्यांचं दुःख तर विचारूच नका. रामसे बंधूंनी १९९४ साली 'महाकाल' काढला. त्यातला भयंकर प्राणी म्हणजे अमेरिकेतल्या फ्रेडी क्रूगरचाच बोटांना पाती लावलेला भारतीय अवतार. त्याला नाव दिलं शाकाल. आता शाकाल म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे कोण येतं? 'शान'मधला तुळतुळीत डोक्याचा कुलभूषण खरबंदा! चेहरा फ्रेडीचा, नाव खरबंदाचं, बिचाऱ्याच्या नावावर स्वतःची एक पै जमा नाही.

हे सगळं मी भाच्याला समजावत असताना सौभाग्यवतींनी मटार सोलता सोलता तो पहिला 'फ्रायडे द थर्टीन्थ' संपूर्ण पाहिला. एरवी ती उंदीर मेलेला बघत नाही. बाणाला घाबरली नाही, कुऱ्हाडीला घाबरली नाही. पण मिसेस व्हूरहीस बुडालेल्या पोराबद्दल बोलायला लागली तेव्हा हिच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"मग मामी, खरा व्हिलन कोण? आई का जेसन?" भाच्याने विचारलं.

"पोराकडे बघायला ठेवलेली ती दोघं कोण? त्यांची नावं काय?"

भाच्याने मोबाइलवर पुष्कळ बोटं फिरवली. आईच्या नटीचं नाव निघालं, मुंडकं कसं बनवलं ते निघालं. त्या दोघांची नावं काही त्याला सापडली नाहीत.

तेव्हापासून मी हे सिनेमे उलट्या बाजूने बघतो आहे. १९८१च्या 'द बर्निंग'मध्ये झाडं कापायची मोठी कात्री घेऊन क्रॉप्सी पोरांच्या मागे लागतो. तो शिबिराचा रखवालदार. पोरांनी रात्री गंमत म्हणून त्याच्या उशाशी पेटत्या मेणबत्त्या घातलेली कवटी ठेवली, तो दचकला आणि पेटला. गंमत करणाऱ्यांपैकी एक जण मोठा होऊन शिबिराचा पुढारी झालेला आहे. त्याच वर्षीचा 'माय ब्लडी व्हॅलेंटाइन' घ्या. कॅनडातला हा सिनेमा, सगळा कोळशाच्या खाणीतला. गॅसचा मुखवटा लावून कुदळीने माणसं मारणारा हॅरी वॉर्डन सगळ्यांना आठवतो. वास्तविक हॅरी केव्हाच मेलेला असतो. काम केलेलं असतं ॲक्सेल नावाच्या पोराने, पण लोक अजून हॅरीचंच नाव घेतात. (रॉय बर्न्सने हे वाचावं, थोडं बरं वाटेल.) पण हॅरी मुळात हॅरी झाला कसा? गावात व्हॅलेंटाइनचा नाच होता. खाणीवरच्या दोघा मुकादमांना नाचाला जायची घाई. खाली माणसं असताना, गॅस किती साठला आहे हे न तपासता दोघे निघून गेले. स्फोट झाला, पाच जण गाडले गेले, आणि कित्येक आठवड्यांनी एकटा हॅरी जिवंत निघाला, तो बरोबरच्यांचं मांस खाऊन. त्या दोन मुकादमांच्या मुखवट्याचा टी-शर्ट निघालेला नाही. त्यांना मुखवटाच नव्हता. डोक्याला तेल लावून, भांग पाडून, बूट पुसून ते नाचाला गेले होते. असली माणसं मी रोज साडेपाचच्या लोकलला बघतो.

आमच्याकडे तिजोरीला दोन किल्ल्या असतात, दोन माणसांकडे. एकाला कितीही घाई असली तरी दुसऱ्यावाचून त्याला तिजोरी उघडता येत नाही की लावता येत नाही. बँका बाकी कशाला का नावाजेनात, पण पैशाची काळजी कशी घ्यायची हे आम्हाला समजलेलं आहे.

डिसेंबरात आमच्या चिरंजीवांच्या शाळेची सहल निघायची होती, पानशेतच्या पाण्यावर. शाळेने छापील कागद पाठवला. त्यात डबा आणावा, टोपी आणावी, मौल्यवान वस्तू आणू नयेत, आणि तळाशी मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत 'अनुचित प्रकार घडल्यास शाळा जबाबदार राहणार नाही', त्याखाली पालकाची सही. मी पेन उघडलं होतं. हिने कागद ओढून घेतला.

पालकसभेत ही उभी राहिली. "मुलं पाण्याजवळ असताना तिथे कोण उभं राहणार?"

"अहो, आम्ही सगळेच असणार ना," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"सगळे नकोत. एक सांगा. नाव सांगा."

सभेत कोणीतरी हसलं. बाईंनी शिक्षकांकडे पाहिलं, शिक्षकांनी छताकडे पाहिलं. "काळजी करू नका," बाई म्हणाल्या. "काळजी करत नाहीये, नाव विचारतेय," ही म्हणाली आणि खाली बसेना. शेवटी खेळाचे मास्तर उठले, "मी थांबेन पाण्यापाशी" म्हणाले, आणि तो कागद परत घेऊन बाईंनी त्यावर त्यांचं नाव आपल्या हाताने लिहिलं, वेळेसकट.

घरी येताना माझ्या लक्षात आलं, की मुख्याध्यापिका एवढ्या का बिचकल्या असाव्यात. थंडी होती म्हणून हिने माहेरचा जाड विणीचा स्वेटर घातला होता.