तिकीट काढून पाहिलेला ऑपेरा : व्हेनिस, १६४५

१/ १६४५ च्या उन्हाळ्यात जॉन इव्हलिन नावाचा २४ वर्षांचा इंग्रज प्रवासी व्हेनिसमधील एका नाट्यगृहात गेला. मायदेशी राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध पेटले होते. लंडनची नाट्यगृहे १६४२ पासून बंद होती. व्हेनिसमध्ये त्याने जे पाहिले, ते रोजनिशीत लिहून ठेवले. आजचा धागा त्या नोंदीविषयी.

२/ त्याने पाहिला तो ऑपेरा. आरंभापासून अखेरपर्यंत गाऊन सादर होणारा हा नाट्यप्रकार तेव्हा जेमतेम अर्धशतकाचा होता. १६०० साली फ्लॉरेन्समध्ये 'एउरिदिचे' झाला, तो मारिया दे मेदिचीच्या विवाहसोहळ्यानिमित्त. १६०७ साली मॉन्तेवेर्दीचा 'ऑर्फेओ' झाला, तो मान्तुआच्या राजवाड्यात. असे खेळ निमंत्रितांसाठी असत. इव्हलिनसारख्या परक्या वाटसरूला तेथे कोणी आत घेतले नसते.

३/ हे चित्र बदलले १६३७ साली. व्हेनिस हे प्रजासत्ताक. तेथे राजदरबार नव्हता. त्रॉन घराण्याच्या सान कास्सियानो नाट्यगृहात त्या वर्षी 'आन्द्रोमेदा' झाला आणि पैसे मोजणाऱ्या कोणालाही तो पाहता आला. श्रीमंत घराणी वर्षाच्या कराराने बॉक्स भाड्याने घेत. इतरांसाठी दारावर तिकीट असे.

४/ 'कोणालाही' म्हणजे सर्वांना नव्हे. हातावर पोट असलेल्यांना ही चैन परवडणारी नव्हती. तरीही फरक मोठा होता. दरबारात प्रेक्षक कोण, हे यजमान ठरवी. येथे प्रेक्षकच खेळाचे भवितव्य ठरवू लागला. त्याला आपल्याकडे ओढण्यासाठी नाट्यगृहांमध्ये चढाओढ सुरू झाली.

५/ इव्हलिन गेला ते तेआत्रो नोव्हिस्सिमो याच चढाओढीतून १६४१ मध्ये उभे राहिले होते. तेथे जाकोमो तोरेल्ली याने रंगमंचाखाली एक मोठा फिरता दंडगोल बसवला आणि रंगवलेल्या सर्व विंगा दोरांनी त्याला जोडल्या. दंडगोल फिरला की साऱ्या विंगा एकाच वेळी सरकत आणि प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत संपूर्ण देखावा पालटे.

६/ त्या रात्रीचा खेळ होता 'एर्कोले इन लिदिया', म्हणजे लिदियातील हर्क्युलीस. संगीत जोव्हान्नी रोव्हेत्ताचे. इव्हलिन आणि त्याच्या सोबत्याने जागा आधीच राखून ठेवल्या होत्या. देखावा तेरा वेळा बदलला, हवेत उडवणारी यंत्रे होती आणि खेळ रात्री दोनपर्यंत चालला, असे तो सांगतो. ऑपेरा म्हणजे काय, हे तो इतके उलगडून लिहितो की हा अनुभव त्याला नवखा असावा.

७/ गायिकांमध्ये त्याने रोमच्या आन्ना रेन्त्सीला अग्रस्थान दिले. मात्र त्याच्या मते तिच्याहूनही सरस गायला तो एक कास्त्रातो. आवाज फुटू नये म्हणून ज्यांचे बालपणीच वृषणच्छेदन केले जाई, त्या पुरुष गायकांना कास्त्रातो म्हणत. प्रेक्षकांना मोहिनी घालणाऱ्या त्या आवाजाची किंमत एका मुलाच्या देहाने चुकवलेली असे.

८/ दरबारी 'एउरिदिचे' आणि 'ऑर्फेओ' यांच्या स्वरलिपी छापल्या गेल्या, कारण त्यांत यजमानाची प्रतिष्ठा होती. व्हेनिसच्या नाट्यगृहांना पुढच्या हंगामात नवा खेळ हवा असे. जुन्याची स्वरलिपी छापण्यात कोणाला रस नव्हता. छापल्या जात त्या संहितेच्या पुस्तिका. प्रेक्षक त्या लहान मेणबत्तीच्या उजेडात वाचत. काही प्रतींवर मेणाचे थेंब आजही दिसतात.

९/ रोव्हेत्ताचे ते संगीत आज उपलब्ध नाही. ज्या तिकिटामुळे इव्हलिनला प्रवेश मिळाला, त्याच व्यवहारात ते हरवले. आन्ना रेन्त्सीच्या गौरवार्थ १६४४ मध्येच एक ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. तिचे नाव टिकले. इव्हलिनला सर्वांत भावलेल्या त्या कास्त्रातोचे नाव मात्र त्याच्या रोजनिशीत नाही.