नसलेला ढग

मोतीबिंदू काढल्यावर शिर्डीच्या घरी येऊन पडलोय. विद्यार्थिनी फोनवरून वर्णपट वाचून दाखवते. "सर, ऐंशीच्या वेगापुढे शोषण नाही." "म्हणजे वस्तू त्या वेगाच्या ढगाच्या अलीकडे," मी सवयीनं बोलून गेलो. "पण ढग नेमका तिथंच फाटका असेल तर?"

मी गप्प. ढगानं उजेड खाल्ला की वस्तू त्याच्या मागं, इथं भांडण नाही. न खाल्ल्याचं काय करायचं? ढगाचं उत्सर्जन आपण आकाशाच्या रुंद तुकड्यातून मोजतो, शोषण मात्र सुईच्या टोकाएवढ्या वस्तूपुढचं. गार हायड्रोजन जुन्या गोधडीसारखा, कुठं जाड, कुठं नुसता दोरा.

याचंच एक उदाहरण. २७ डिसेंबर २००४ ला एसजीआर १८०६-२० हा चुंबकतारा भडकला. त्याच्यालगतचा जी १०.०-०.३ आधी अतिनवताऱ्याचा अवशेष मानला गेला होता. तो निघाला दुसऱ्याच एका अजस्र ताऱ्यानं फुगवलेला तेजोमेघ. म्हणजे अवशेषाच्या आधारानं अंतर काढायची सोय गेली. मग भडक्यानंतरच्या रेडिओ उजेडातलं हायड्रोजनचं शोषण मोजलं. त्या चमूत कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी होते, आणि आपल्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीचीही निरीक्षणं होती. उत्तर आलं ६.४ ते ९.८ किलोपार्सेक, आधी पंधरा धरत. २००५ मध्येच मॅक्‌क्लुअर-ग्रिफिथ्स आणि गेन्सलर यांनी हरकत घेतली: खालची मर्यादा ठीक, वरची टिकत नाही. ती न दिसलेल्या शोषणावर उभी होती.

हे मी वर्गात दरवर्षी शिकवलं. आणि स्वतःच्या एका निबंधात, एकाच वेगाला जवळचं अंतर की लांबचं हा घोळ सुटत नसताना, लांबचं अंतर लिहिलं. अंतर दुप्पट की ऊर्जा चौपट. छोट्या वस्तूवर आपलं नाव कोण घालतं! जवळच्या अंतराला अडथळा होता एकच, तोही गोंगाटातून ओढून काढलेला. आता तर वेग टाकला की प्रोग्रॅम दशांशासकट अंतर देतो, आणि पोरं ते छापतात. आम्ही निदान लाजत तरी होतो.

खोडदच्या दुर्बिणीला त्रास नको म्हणून पुणे-नाशिक रेल्वे शिर्डीवरून न्यायचं ठरतंय, तेव्हापासून शेजारी मला मान देतात, जणू गाडी मीच आणली. मी नाही म्हणत नाही.

"नुसती खालची मर्यादा लिही," शेवटी मी म्हणालो.

"परवाच लिहिलीय, सर."

राग आला. मग विचारलं, "त्या भागात गोंगाट किती आहे? परत वाच."