नऊ प्रश्न

इंटर्नशिपच्या 52 आठवड्यांपैकी मानसोपचार विभागाला मिळतात 2. आम्ही इंटर्न त्याला ‘आरामाची पोस्टिंग’ म्हणतो. मला ती मेडिसिनच्या 6 आठवड्यांनंतर लागली.

मेडिसिनमध्ये इमर्जन्सीच्या दिवशी सकाळी वॉर्डात शिरलं की दुसऱ्या दिवशी दुपारीच बाहेर. रक्त काढा, सॅम्पल लॅबला पोचवा, रिपोर्ट आणा. सॅम्पल क्लॉट झालं की पुन्हा टोचा आणि रेसिडेंटची बोलणी खा. तोही दोन रात्री झोपलेला नसायचा, त्यामुळे धड रागही यायचा नाही. मग विरार लोकल, पुढे आगाशीची शेअर रिक्षा. रिक्षावाले काका विचारायचे, “काय डॉक्टर, दमलात?” मी हसायचे. घरी आजी विचारायची, “जेवलीस का गं?” मी ‘हो’ म्हणायचे. जेवलेली नसायचे. पहाटे तीनला दचकून उठायचे : कुणाचा पोटॅशियमचा रिपोर्ट बघायचा राहिला का?

मानसोपचार ओपीडीत मला पीएचक्यू-9चा फॉर्म भरून घ्यायचं काम मिळालं. गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे नऊ प्रश्न. झोप, भूक, थकवा, कशात रस वाटतो का, स्वतःबद्दल वाईट वाटतं का. प्रत्येकाला 0 ते 3 गुण. समोरचे टेम्पोचालक काका विचार करून उत्तरं देत होते, आणि मी मनात माझी देत होते. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. काका म्हणाले, “कधी कधी.”

आम्ही इंटर्न एक विनोद करायचो : लोकलमधून पडून हात मोडला तर दीड महिना सुट्टी! सगळे हसायचो. त्या दिवशी कळलं, मी त्यात विनोद करत नव्हते.

माझे गुण 16 झाले. 10 च्या पुढे असेल तर आम्ही पेशंटला डॉक्टरांकडे आत पाठवतो.

मे 2019 मध्ये नायर रुग्णालयात डॉ. पायल तडवी यांनी आत्महत्या केली. सीनियरांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप होता. मी तेव्हा नीटच्या निकालाची वाट बघत होते. बातमी बघून आई म्हणाली होती, “काहीही झालं तरी घरी सांगायचं.” मी ‘हो’ म्हटलं होतं.

पाच वर्षांनी, त्या रात्री सांगितलं. आईने गॅस बंद केला आणि शेजारी येऊन बसली. “सुट्टी घे” म्हणाली. सुट्टी घेतली तर इंटर्नशिप लांबते, हे तिला समजावताना मला रडू आलं.

2024 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाचा अहवाल आला. सर्वेक्षणात एमबीबीएसच्या 27.8 टक्के विद्यार्थ्यांनी मानसिक आजाराचं निदान झाल्याचं सांगितलं होतं. रेसिडेंटना आठवड्याला 74 तासांहून जास्त काम नको, ही शिफारसही त्यात आहे. वाचून बरं वाटलं, आणि मग 74 हा आकडा पुन्हा वाचला.

मी उपचार घेतले. पहिल्यांदा 14416 वर, टेलिमानसला, फोन केला तो घरामागच्या केळीच्या वाडीत उभं राहून. पलीकडून विचारलं, “झोप लागते का?”

या वेळी खरं उत्तर दिलं.