लॅमिंग्टन रोड : ध्वनीची पेठ

मुंबई सेंट्रल स्थानकातून बाहेर पडून दक्षिणेची वाट धरली की ग्रँट रोडवरून थेट ऑपेरा हाउसपर्यंत जो रस्ता जातो, त्याचे कागदोपत्री नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. लोकांच्या तोंडी मात्र १९०३ ते १९०७ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेले लॉर्ड लॅमिंग्टन अजूनही ठाण मांडून आहेत. टॅक्सीवाल्यास भडकमकर मार्ग सांगितला तर तो क्षणभर विचारात पडतो. लॅमिंग्टन रोड म्हणताच मीटर टाकतो. बडोद्याच्या माणसास हा रस्ता विशेष सोयीचा, कारण आपल्याकडून रात्री निघणारी गाडी पहाटे मुंबई सेंट्रलला पोहोचते आणि पेठ तेथून पायी चालण्याच्या अंतरावर आहे.

पेठ म्हणजे विजेच्या आणि ध्वनीच्या साहित्याची पेठ. ग्रँट रोडच्या आसपास प्रॉक्टर रोडच्या वळणापर्यंत दुकानास दुकान खेटून उभे आहे. एखाद्या चणेवाल्याने चणे मोजावेत तसे येथे पैशा-पैशाचे सुटे भाग मोजून पुडीत बांधून देतात, आणि शेजारच्याच काचेआड लाखाच्या घरातला ॲम्प्लिफायर मखरातल्या मूर्तीसारखा बसलेला असतो. कधीकाळी येथे व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त होत. मग कॅसेटचे दिवस आले, मग संगणकाचे, मग पहाऱ्याच्या कॅमेऱ्यांचे. घरबसल्या वस्तू मागवण्याची सोय झाल्यापासून गर्दी ओसरली, अशी तक्रार प्रत्येक गल्ल्यावर ऐकू येते. परंतु दोन वस्तू एकमेकींस जोडून, कानांनी ऐकून, मग घेण्याची सोय घरबसल्या होत नाही. आम्हांस नेमकी तीच हवी होती.

या रस्त्याचे ध्वनीशी नाते दुकानांहून जुने आहे. त्याच्या दक्षिण टोकाचे रॉयल ऑपेरा हाउस १९११ साली पाचव्या जॉर्ज बादशहाच्या हस्ते उघडले गेले. बालगंधर्वांचे सूर त्या वास्तूने ऐकले आहेत. १९९३ मध्ये ते बंद पडले आणि डागडुजी होऊन २०१६ साली पुन्हा सुरू झाले. याच रस्त्यावर मिनर्व्हा चित्रगृह होते. १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झालेला ‘शोले’ तेथे पाच वर्षे चालला. सत्तर मिलिमीटरचा पडदा आणि स्टिरिओफोनिक ध्वनी यांचे अप्रूप एवढे, की पडद्यावर नाणे पडल्याचा आवाज झाला म्हणजे प्रेक्षक आपल्या खुर्चीखाली वाकून पाहत, असे त्या पिढीचे लोक सांगतात. मिनर्व्हा आता उरलेले नाही. मात्र चार भिंतींत मावेल असे चित्रगृह, ज्यास ‘होम थिएटर’ म्हणतात, ते याच रस्त्यावर खोक्यांत भरून विकले जाते.

आम्हांस असल्या चैनीचे काय प्रयोजन, असे वाचक विचारतील. कारण घरातले आहे. आमच्या मातोश्री ८४ वर्षांच्या. कानाचे यंत्र वापरतात; तरीही गेल्या दोनएक वर्षांत त्या संध्याकाळी दिवाणखान्यात येऊन बसेनाशा झाल्या. मालिका चालू असली की आपल्या खोलीत जपमाळ घेऊन बसत. विचारले तर म्हणत, “आवाज येतो रे, शब्द येत नाहीत.” हे वाक्य आम्हांस फार लागले. वयोमानाने श्रवणशक्ती घटते तेव्हा उंच पट्टीचे ध्वनी आधी हरपतात; स, श, त, फ ही व्यंजने त्याच पट्टीत मोडतात. म्हणून दूरदर्शन संचाचा आवाज वाढवला की स्वर तेवढे मोठे होतात आणि व्यंजने बुडालेलीच राहतात. त्यातून हल्लीचे संच पाटीएवढे पातळ, त्यांचे स्पीकर खाली किंवा भिंतीकडे तोंड केलेले. बोलणारा समोर आणि आवाज भिंतीवर आपटून येणार!

तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत लाभपंचमीस दुकाने उघडल्यावर दुसऱ्याच रात्री आम्ही धाकट्या चिरंजीवांसह निघालो. साठ हजारांच्या पलीकडे जायचे नाही, असे घरातून ठरवून दिले होते.

पहिल्या तीन दुकानांत एकच अनुभव आला. आधी “बजेट किती?” आणि मग वॅटचा वर्षाव. खोक्यांवर हजारांत ‘पीएमपीओ’ वॅट छापलेले. या आकड्यास सर्वमान्य मोजमापच नाही. खरा विचारायचा आकडा आरएमएस, म्हणजे ॲम्प्लिफायर सतत देऊ शकेल ती शक्ती. (घासाघीस आम्ही गुजरातीत केली. गुजराती दुकानदार ती ऐकून विरघळतो. मुंबईच्या मराठी नातलगांस हे फारसे रुचत नाही. पण बडोद्यात जन्म काढलेल्यास एवढा लाभ हवाच.)

चौथे दुकान पहिल्या मजल्यावर, अंधाऱ्या जिन्याचे. तेथे एक वयस्क तंत्रज्ञ डाग देत बसले होते. त्यांनी बजेट विचारले नाही. “गुरुजी, खोली केवढी? आई बसतात कुठे? संच किती उंचीवर?” आम्ही सांगितले : दांडिया बाजारातले जुने घर, दिवाणखाना चौदा फूट बाय अकरा, आईची खुर्ची संचापासून नऊ-दहा फुटांवर. त्यांनी कागद ओढला आणि पत्रिका मांडणाऱ्या ज्योतिषाच्या थाटात दोन रकाने केले. एक स्पीकरचा, दुसरा रिसीव्हरचा.

प्रथम संवेदनशीलता. स्पीकरला एक वॅट दिला असता एक मीटरवर किती डेसिबल आवाज निघतो, तो हा आकडा. त्यांनी दाखवलेल्या स्पीकरचा तो ८७ होता. अंतर दुप्पट झाले की मोकळ्यावर सहा डेसिबल घटतात, खोलीत भिंतींमुळे थोडे कमी. म्हणजे आईच्या खुर्चीपर्यंत एका वॅटमध्ये ७८ ते ८० डेसिबल पोहोचतात; साधे संभाषण साठाच्या आसपास असते. आम्ही चकित झालो. “मग एक वॅटच पुरे की!” “बोलण्याला पुरे. पण वीज कडाडली, नगारा वाजला, की तेवढा क्षण वीस डेसिबल जास्त लागतात. वीस डेसिबल म्हणजे शंभरपट वॅट.” तीन डेसिबल वाढवायला शक्ती दुप्पट लागते, म्हणून ९० डेसिबलचा स्पीकर ८७ च्या निम्म्या वॅटवर तेवढाच वाजतो. आणि शक्ती कमी पडून ॲम्प्लिफायर दमला, तर ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात. तो खरखरीत आवाज उंच स्वरांचा नाजूक ट्वीटर जाळू शकतो. लहान ॲम्प्लिफायर म्हणजे निर्धोक, हा समज खरा नव्हे.

मग ओहम. कोपऱ्यात चार ओहमचे भव्य स्पीकर निम्म्या किमतीत पडून होते आणि चिरंजीवांची नजर त्यांवर खिळली होती. तंत्रज्ञांनी रिसीव्हर उलटा करून पाठीवरची ओळ वाचावयास लावली : ६ ते १६ ओहम. ओहमचा आकडा निम्मा झाला की त्याच व्होल्टेजला प्रवाह दुप्पट वाहतो. जो रिसीव्हर त्यासाठी घडवलेला नाही तो तापतो आणि ऐन रंगात बंद पडतो. “स्वस्त आहेत, पण तुमच्या घरचे नाहीत,” एवढेच ते म्हणाले. आठ ओहमचे ठरले.

खोक्यावरच्या मोठ्या आकड्याचाही त्यांनी निकाल लावला. दर्शनी बाजूस १५० वॅट. आतल्या पुस्तिकेत ८०. पहिला आकडा एकच वाहिनी, एकाच स्वरावर, दहा टक्के विकृती पत्करून मोजलेला. दुसरा दोन वाहिन्या एकत्र, वीसपासून वीस हजार हर्ट्झपर्यंत. पाचही वाहिन्या एकदम ओरडू लागल्या तर तो आणखी उतरतो. आमच्या खोलीस ८० भरपूर होते.

सर्वांत मोलाचा सल्ला निराळाच होता. साठ हजारांत पाच स्पीकर आणि सबवूफर बसवता आले असते. त्यांनी ते करू दिले नाही. चित्रपटातले बोलणे बहुतांशी मधल्या स्पीकरातून येते. म्हणून पैसा पुढच्या तिघांवर घालावा आणि ते तिघे एकाच घडणीचे असावेत. “माणूस पडद्यावर डावीकडून उजवीकडे चालत गेला तरी त्याचा गळा बदलता कामा नये.” मागचे दोन आणि सबवूफर सवडीने. परीक्षेसाठी त्यांनी धडाडधूमचा चित्रपट न लावता बातम्यांचे निवेदन लावले, आवाज अगदी हळू केला आणि आम्हांस पाठमोरे बसवले. निवेदिकेचा प्रत्येक ‘स’ सुपारी कातरल्यासारखा वेगळा ऐकू आला. तीन स्पीकर, रिसीव्हर आणि तारा मिळून अठ्ठावन्न हजारांत काम झाले. परतीच्या गाडीत चिरंजीव खोक्यांवर पाय ठेवून रात्रभर जागे होते.

घरी मधला स्पीकर संचाच्या लगेच खाली, तोंड किंचित वर करून, आईच्या कानांच्या रोखाने बसवला. लाल तार लालला आणि काळी काळीला. एकीची जरी उलटापालट झाली तरी खर्ज पोकळ होतो. मधल्या वाहिनीची पातळी दोन डेसिबल वाढवली. तिसऱ्या दिवशी बातम्या चालू असता मातोश्री जपमाळ घेऊन दाराशी उभ्या राहिल्या, मग खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, “ही मुलगी श आणि ष एकसारखेच म्हणते. कुणी शिकवले हिला?” सगळेच शब्द पोहोचतात असे नव्हे. मालिकेत तिघे-चौघे एकदम भांडू लागले किंवा मागे ढोल वाजू लागला की त्या अजूनही आमच्या सौभाग्यवतींकडे वळून विचारतात. परंतु विचारतात, उठून जात नाहीत.

मागच्या स्पीकरांच्या तारा भिंतीतून न्याव्यात की तुळईच्या कडेने, हा वाद पुढल्या दिवाळीच्या रंगसफेदीपर्यंत तहकूब ठेवला आहे. सबवूफरला शेजाऱ्यांची संमती लागेल. आमच्या आणि त्यांच्या दिवाणखान्यात भिंत एकच आहे.