पेटी उतरलीये, काका!

मित्रहो, इंजिनिअरिंगच्या पोराला एक रोग असतो. रीडिंग चुकलं की आधी मीटर खराब! आपली जोडणी चुकली असेल हे त्याला सगळ्यात शेवटी सुचतं, तेही व्हायवाला. हा रोग मलाही आहे, हे गेल्या गणपतीत संगमेश्वरला आमच्या घरी भर भजनात कळलं. त्याचीच ही हकिगत.

घरी जाण्याआधी गिटारला नव्या तारा चढवल्या होत्या. जुन्या गंजल्या होत्या, आपल्याकडच्या पावसात लोखंड टिकतंय कुठे? सहाही तारा एकदम काढल्या, गिटार पुसून लख्ख केली, मोबाईलवरच्या ट्यूनरने सूर लावला. सगळे दिवे हिरवे. स्वारी खूश!

पहिल्या रात्री आरतीला साधे कॉर्ड वाजवले, निभावलं. मग पोरांनी आग्रह केला म्हणून काकांच्या पेटीबरोबर एक धून वरच्या फ्रेटवर घेतली. तिथे सूर पेटीशी भांडायला लागला. मांडीला मांडी लावून बसलेली सगळी वाडी माझ्याकडे बघतेय. आणि मी काय बोलावं? "काका, पेटी उतरलीये तुमची."

ती पेटी आजोबांची. गणपतीआधी काकांनी मुद्दाम कारागिराकडून सूर लावून आणली होती. काका रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "बरं, मग राहू दे पेटी," आणि त्यांनी भाता बंद केला. पुढची भजनं नुसत्या टाळ-मृदंगावर झाली.

सकाळी काका बाजारात गेल्यावर मी चोरासारखा पेटीसमोर बसलो आणि एकेक सूर ट्यूनरवर तपासला. सगळे जागच्या जागी. पेटी निर्दोष! एक पळवाट होती, की पेटीचे आणि गिटारचे सूर मुळातच वेगळे असतील. पण तीही बंद झाली, कारण बहुतेक पेट्यांत गिटारसारखेच सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात.

मग गिटार तपासली. कसोटी सोपी आहे. मोकळी तार सुरात लावायची. बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर तारेला बोट नुसतं टेकवून छेडलं की हार्मोनिक ऐकू येतो. मग तीच तार तिथे दाबून वाजवायची. बारावा फ्रेट तारेच्या निम्म्यावर असतो, म्हणून दोन्हीकडे कंपनं दुप्पट, म्हणजे एकच सूर यायला हवा. माझ्या दुसऱ्या तारेवर मोकळी असताना २४७ हर्ट्झ येत होते. हार्मोनिक ४९४, आणि दाबल्यावर ४९८! म्हणजे सुमारे १४ सेंट चढा. शंभर सेंटचा एक अर्धस्वर होतो. ऐकायला १४ थोडे वाटतात, पण पेटीच्या ४९४ शेजारी सेकंदाला चार हेलकावे येतात. रात्री ऐकू आलेलं भांडण ते हेच.

आता कारण शोधायचं. तारा नव्या आहेत, अजून ताणल्या जात असतील? हाताने ओढून ओढून परत सूर लावला. मोकळी तार स्थिर झाली, बारावा फ्रेट चढाच. मी जोरात दाबतोय? हलकं दाबलं, तरी तेच. तारच सदोष? जवळची दुसरी तार लावून बघितली, तेच. जाडी बदलली? नाही, पाकीट नेहमीचंच.

शेवटी रूममेटला फोन केला. तो मिरजेचा. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली जीआय मानांकन मिळालं, त्यामुळे स्वारीचा भाव वधारलेला. पण त्याने पहिलाच प्रश्न असा विचारला, "तारा काढल्यावर घोडी हलली होती का?" सतारीची घोडी तारांच्या दाबानेच जागेवर राहते. शिवाय तिचे पडदे दोऱ्याने बांधलेले, सूर हलला तर पडदा सरकवता येतो. गिटारचे फ्रेट ठोकून बसवलेले. तिथे लांबी सांभाळायची ती घोडीवरच्या पांढऱ्या पट्टीने, सॅडलने.

आणि मला आठवलं. पुसताना ती पट्टी खाचेतून निघून हातात आली होती. मी परत बसवली होती... उलटी!

तार दाबली की ती थोडी ताणली जाते आणि सूर चढतो. ते भरून काढायला सॅडल हिशेबापेक्षा दोन-तीन मिलिमीटर मागे आणि तिरकं ठेवतात. माझ्या सॅडलवर दुसऱ्या तारेसाठी कंगोरा आणखी मागे घेतलेला आहे. पट्टी उलटल्यावर तो पाचव्या तारेखाली गेला. शिवाय जाड तारांची उंच बाजू बारीक तारांखाली आली, म्हणजे त्या दाबताना ताण जास्त. सहावी तार खरखरत होती त्याचंही कारण हेच. ती खरखर मी 'नव्या तारांची' समजत होतो!

पट्टी सरळ बसवली. दाबलेला सूर हार्मोनिकच्या दोन-तीन सेंटच्या आत आला. वीस मिनिटांचं काम.

त्याहून अवघड काम ओटीवर बसलं होतं. काकांना सगळं सांगितलं, पट्टी दाखवली. म्हटलं, "पेटी बरोबर होती, काका. चूक माझी होती." त्यांनी पट्टीबद्दल दोन प्रश्न विचारले, बाकी काही नाही. मी म्हटलं, "आज सगळ्यांसमोर सांगतो." तर म्हणाले, "सांग. बोललास पण सगळ्यांसमोरच."

रात्री सांगितलं. वाडी हसली, काकांनी भाता उघडला.

तेव्हा मित्रहो, तारा एकेक करून बदला. सगळ्या काढल्याच तर आधी सॅडलचा फोटो काढून ठेवा. ट्यूनर हिरवा झाला तरी बारावा फ्रेट ऐका. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे हवं, उतरा असेल तर पुढे. आणि हे सगळं तपासून होईपर्यंत दुसऱ्याच्या पेटीबद्दल तोंड उघडू नका.

विसर्जनाच्या दिवशी काकांनी मला पांढरी दोनचा सा दिला, आणि हात वर करून सगळ्यांना थांबवलं. "थांबा. आधी याला बारावा फ्रेट बघू दे."