यजमानाचे बांधलेले हात

मे 2015ची निवडणूक बहुमताने जिंकून तीन आठवडे होतात न होतात तोच ब्रिटनचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन युरोपच्या दौऱ्यावर निघाले. दुपारचं जेवण हेगमध्ये डच पंतप्रधान मार्क रुटे यांच्याबरोबर, रात्रीचं पॅरिसमध्ये फ्रान्सचे अध्यक्ष ओलांद यांच्याकडे, दुसऱ्या दिवशीची न्याहारी वॉर्सात पोलंडच्या पंतप्रधान एवा कोपाच यांच्याबरोबर आणि मग बर्लिनला जर्मनीच्या चॅन्सेलर मर्केल. युरोपीय संघातल्या ब्रिटनच्या सदस्यत्वाच्या अटी बदलून घ्यायच्या आणि मग संघात राहायचं की नाही यावर जनतेचा कौल मागायचा, असा बेत होता. वाटाघाटींआधीच्या असल्या गाठीभेटींकडे मन वळवण्याची संधी म्हणून पाहिलं जातं. मला त्यांचा खरा उपयोग वेगळा वाटतो. समोरच्याचे हात घरी कुठे बांधलेले आहेत, ते त्या भेटीत कळतं. हसून केलेलं स्वागत म्हणजे दिलेला शब्द नव्हे, आणि एका नेत्याने दिलेला शब्द म्हणजे त्याच्या देशाने दिलेला शब्द नव्हे.

कॅमेरॉन यांना हा धडा वर्षभर आधीच मिळाला होता. जून 2014मध्ये स्वीडनच्या हार्पसुंदला एका छोट्या नावेत चार सरकारप्रमुख बसल्याचं छायाचित्र जगभर झळकलं. वल्ही यजमान, स्वीडनचे पंतप्रधान राइनफेल्ट यांच्या हाती, आणि सोबत मर्केल, रुटे, कॅमेरॉन. युरोपीय आयोगाच्या अध्यक्षपदी लक्झेंबर्गचे माजी पंतप्रधान युंकर नकोत, हा कॅमेरॉन यांचा हट्ट. पण आधी डळमळलेल्या मर्केल, घरच्या वृत्तपत्रांनी आणि राजकारण्यांनी गहजब केल्यावर, युंकर यांना जाहीर पाठिंबा देऊन मोकळ्या झाल्या होत्या. नावेतल्या गप्पांनी त्यात काय फरक पडणार? महिनाअखेरीस मतं पडली ती 26 विरुद्ध 2, आणि त्या दोनांतलं दुसरं मत हंगेरीच्या ऑर्बान यांचं. वॉर्सातल्या न्याहारीचंही तेच झालं. पोलंडमध्ये ऑक्टोबरात निवडणूक झाली, कोपाच यांचं सरकार गेलं आणि डिसेंबरात कॅमेरॉन यांना नव्या पंतप्रधान बेआता शिद्वो यांच्याशी नव्याने बोलावं लागलं. ब्रिटनमध्ये राबणाऱ्या आपल्या लाखो माणसांच्या भत्त्यांना कात्री लावायला मान्यता द्या, असं पोलंडच्या कुठल्याही पंतप्रधानाला सांगणं सोपं नव्हतं. पक्ष कोणता, हा प्रश्न त्यापुढे दुय्यमच.

यावर कुणी म्हणेल, शेवटी करार झालाच की! झाला. फेब्रुवारी 2016मध्ये ब्रसेल्सला तीसहून अधिक तास खल झाला. ठरलेली न्याहारी पुढे ढकलता ढकलता रात्रीच्या जेवणावर गेली, आणि सगळ्यांनी एकमताने मान्यता दिली. नव्याने येणाऱ्या कामगारांच्या भत्त्यांवर सात वर्षांपुरता लगाम घालण्याची सोय मिळाली. ‘अधिकाधिक घट्ट होत जाणारा संघ’ या उद्दिष्टातून ब्रिटनला वगळलं गेलं. पण हे जमलं ते युरोपीय परिषदेचे तेव्हाचे अध्यक्ष डोनाल्ड टुस्क यांनी आणि दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांनी कोण कुठवर झुकू शकतो ते मापून मसुदा बेतला म्हणून. भेटी वाया गेल्या नाहीत, हे मान्य. कोणाचं घोडं कुठे अडतंय ते त्यांतूनच कळलं. वाया गेला तो गाजावाजा. दर राजधानीत कॅमेऱ्यांसमोर हस्तांदोलन झालं की घरच्या लोकांची अपेक्षा चढायची, आणि मिळणार होतं ते आधीच आखलेल्या चौकटीत बसेल तेवढंच.

यजमानही त्याच फसगतीत सापडले, याची चर्चा मात्र फारशी होत नाही. एवढं पदरात घाला, कौल मी जिंकून आणतो, हा कॅमेरॉन यांचा युक्तिवाद त्यांनी मानला. स्वतःच्या संसदांचं, मित्रपक्षांचं ओझं ज्यांना पुरेपूर ठाऊक होतं, त्यांनी पाहुण्याच्या बाबतीत मात्र एका माणसाचा भरवसा म्हणजे देशाचा भरवसा धरला. मसुदा लिहिणारे अधिक सावध निघाले. ब्रिटनने बाहेर पडायचं ठरवलं तर ही सारी व्यवस्था आपोआप रद्द होईल, असं कलम त्यांनी घातलं होतं, आणि 23 जूनला 51.9 टक्के मतदारांनी ते लागू केलं.